नेउसचं पिंप

गाल्द्रिकची बायको नेउस फेब्रुवारीत गेली, आणि ऑक्टोबर संपत आला तरी जिन्याखालच्या कोपऱ्यातलं पिंप कोणी उघडलं नव्हतं. गाल्द्रिक रोज संध्याकाळी तिथवर जायचा, पिंपाच्या पोटावर बोटाने टकटक करायचा आणि परत वर यायचा. वरच्या बाजूला आवाज पोकळ यायला लागला होता. जुनं लाकूड वर्षभर थोडी थोडी वाइन वाऱ्याला देत राहतं, आल्यागेल्याला पाजण्यात थोडी संपते, आणि द्राक्षं उतरली की घरची बाई भर घालून पिंप पुन्हा गळ्याशी आणते. भर पडली नाही तर फळ्या सुकतात, फटी पडतात, आणि आत नुसता काळा चिकट गाळ उरतो.

फ्रान्सच्या दक्षिण टोकाच्या, समुद्राकाठच्या बान्युल्समध्ये शेताची वाटणी होते, होडीची होते, कोपऱ्यातल्या पिंपाची होत नाही. ते घराबरोबर राहतं आणि त्याच्या तोटीची किल्ली सासूकडून सुनेकडे जाते. पुरुषांनी काय करायचं, तर त्या उभ्या उतारावर दगडी बांध सांभाळायचे, द्राक्षं खांद्यावरून खाली आणायची, बहुतेक सगळी सहकारी संस्थेला घालायची, आणि घरापुरता रस घरी आंबवायचा. तो ऐन आंबण्यात असला की त्यात स्पिरिट ओतून त्याला मध्येच गप्प करायचं, म्हणजे गोडवा आतच कोंडला जातो. ही नवी वाइन वेताने विणलेल्या काचेच्या बुधलीत भरून जिन्याखाली नेऊन ठेवली की पुरुषाचं काम संपलं. पुढचं बाई बघायची. ती काय बघते, हे विचारायची गरज गाल्द्रिकला संसारात कधी पडली नव्हती.

पेर्पिन्याँ शहरातून त्याच्या मुलीचा, कोलोमाचा फोन आला.

"पापा, भर घातली का?"

"घालतो."

"गेल्या आठवड्यात पण हेच म्हणालात. पिंप सुकलं ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"अगं, बुधली तयार आहे. ओतली की झालं."

"आई नुसती ओतायची? तिचं तर सकाळभर काहीतरी चालायचं. मला शाळेत पाठवून द्यायची आणि तुम्हाला शिकारीला."

गाल्द्रिकने फोन ठेवला आणि त्याला पहिल्यांदा प्रश्न पडला. बुधली ओतायला सकाळ कशाला लागते?

तो किल्ली घेऊन खाली गेला. बुधली पुढे ओढायची म्हणून त्याने पिंपामागची पोती सरकवली, तर तिथे मागच्या वर्षांच्या रिकाम्या बुधल्या ओळीने उभ्या. त्याने एक उचलली, मग दुसरी. त्याच्या बुधल्यांची कडी तो द्राक्षवेलीच्या सालीने बांधायचा, वडील बांधायचे तशीच. या बुधल्यांमध्ये साल बांधलेली एकच होती. एकीला चामड्याची वादी होती, एकीला काहीच नव्हतं, आणि एकीच्या मानेला जाळं शिवायची निळी दोरी होती. तसली निळी दोरी अख्ख्या गल्लीत एकच माणूस बांधायचा. तो म्हणजे समोरचा आब्दों.

आता आब्दोंबद्दल सांगायला हवं. गाल्द्रिक आणि तो एकाच वर्षी जन्मले, एकाच बाकावर बसून एकाच मास्तरचा मार खाल्ला, आणि तरणे झाल्यापासून एकाच गोष्टीवर भांडत आले: कोणाचं पिंप चांगलं. एका रविवारी जेवणाआधी आब्दोंकडे, पुढच्या रविवारी गाल्द्रिककडे. गाल्द्रिककडे पिंपातल्या वाइनबरोबर खारवलेले अँचोवी मासे मिळायचे, नेउसच्या हातचे, भाजलेल्या लाल मिरचीवर आडवे ठेवलेले आणि वरून तेल. आब्दोंकडे त्याची बायको मेर्से काळ्या चॉकलेटचा केक करायची, बाजूला सुकी अंजिरं. आब्दों म्हणायचा, "तुझं पिंप म्हणजे कोळ्याचं पिंप. कडक, सुकं, तोंडात समुद्राचं वारं सुटतं." गाल्द्रिक म्हणायचा, "आणि तुझं म्हणजे बारशाचं पिंप. दात किडतात." असं चाळीस वर्षं चाललं, दोघांपैकी एकानेही हार मानली नाही आणि दोघांचाही रविवार मजेत गेला.

नेउस गेल्यावर रविवार फक्त आब्दोंकडे व्हायला लागले. गाल्द्रिककडे खायला करून घालणारं कोणी नव्हतं, आणि हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं.

निळ्या दोरीची बुधली गाल्द्रिकने परत जागेवर ठेवली. मग त्याने विचार केला की बुधली काय, कुठूनही येते. वाइन खोटं बोलत नाही, ती बघू. त्याने तोटी उघडून अर्धा पेला भरला. विटेसारखा लाल-तपकिरी रंग, तोच वास. अँचोवी घ्यायला त्याने फडताळ उघडलं. नेउसने खारवलेली शेवटची बरणी तो उन्हाळाभर एकेक मासा मोजून पुरवत होता, आणि ती मागच्याच आठवड्यात संपली होती. बरणीत नुसतं मीठ होतं. त्या फडताळात खाण्यासारखं म्हणजे कोलोमा ऑगस्टमध्ये विसरून गेलेली काळ्या चॉकलेटची वडी. आपल्या घरच्या पिंपाबरोबर चॉकलेट खाणं म्हणजे चर्चमध्ये टोपी घालून बसण्यासारखं. पण घरात कोण बघायला बसलं होतं. त्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, विरघळू दिला आणि वर घोट घेतला.

ही आब्दोंची वाइन होती.

त्याने पेला खाली ठेवला, तोंड पाण्याने धुतलं आणि पुन्हा घोट घेतला, पुन्हा चॉकलेटबरोबर. चेरीचा मुरंबा, संत्र्याची साल, तीच जड, लोण्यासारखी गोडी, जिला तो चाळीस वर्षं बारशाची म्हणून हिणवत आला होता. आब्दोंची वाइन त्याच्या पिंपात होती. त्याच्या बायकोच्या पिंपात. आणि ती किल्ली नेउसच्या गळ्यात असायची.

माणूस वाइनचा जाणकार असला म्हणून शहाणा असतोच असं नाही. त्या संध्याकाळी गाल्द्रिकच्या डोक्यात जे सुरू झालं ते सांगायला मलाच लाज वाटते. त्याला आठवलं की लग्नाआधी गावच्या जत्रेत सरदाना नाचताना आब्दोंने नेउसचा हात धरला होता. त्या नाचात सगळेच गोल करून सगळ्यांचे हात धरतात, हे त्याला आठवलं नाही. त्याला आठवलं की नेउसच्या अंत्यविधीला आब्दों ढसाढसा रडला होता. आब्दों सिनेमा बघतानाही रडतो, हे त्याला आठवलं नाही. दर वर्षी ती त्याला शिकारीला पाठवायची, मग सकाळभर काय करायची? रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. खरं सांगायचं तर रागापेक्षा त्याला भीती जास्त वाटत होती. नेउसचं म्हणून त्याच्यापाशी आता हे पिंपच उरलं होतं, आणि तेही तिचं आणि त्याचं नसेल तर मग त्याने जपायचं काय?

सकाळी त्याने दुकानातून अँचोवीची पुडी घेतली. आब्दों बांध दुरुस्त करायला वर गेल्याचं खिडकीतून बघितलं, आणि तो समोरच्या घरात गेला. मेर्से ओट्याशी कांदे चिरत होती.

"आज रविवार आहे होय?" ती म्हणाली.

"एक पेला दे. पिंपातली."

"सकाळी सकाळी? तोंड का असं झालंय? झोपला नाहीस का?"

"आधी दे."

तिने पेला भरून समोर ठेवला. गाल्द्रिकने पुडी उघडून एक मासा तोंडात टाकला.

"ए, माझ्या स्वयंपाकघरात मासा कशाला आणलास? चॉकलेटला वास लागेल."

त्याने घोट घेतला. दुकानातला मासा नेउसच्या माशाच्या पासंगालाही पुरत नव्हता, तरी मीठ ते मीठच. त्या मिठावर वाइनचा गोडवा मागे सरला, अक्रोडाची साल पुढे आली, आणि मग तो कडक, सुका, समुद्रावरच्या वाऱ्याचा झोत. त्याचा रविवार. त्याच्या घरातली, त्याच्या टेबलावरची, नेउसने ओतलेली वाइन.

"मेर्से," तो म्हणाला, "तुला सरळ विचारतो. नेउस आणि आब्दों, त्यांचं काही होतं का?"

मेर्सेने सुरी खाली ठेवली. तिने बसायला खुर्ची ओढली, आणि बसेपर्यंत तिला इतकं हसू लोटलं की कांद्याने आलेलं पाणी कुठलं आणि हसण्याचं कुठलं ते कळेना.

"आब्दों?" ती म्हणाली. "अरे, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. तो लफडं करणार? त्यासाठी घराचा दरवाजा कुठे आहे ते तरी माहीत पाहिजे."

"मग तुमच्या पिंपात माझी वाइन कशी आली? आणि माझ्यात तुमची?"

मेर्सेचं हसणं थांबलं. तिने ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं.

"कळलं तुला," ती म्हणाली. "चल. हे मी एकटीने सांगायचं नाही. रेपारादा मावशीकडे चल."

रेपारादा मावशी गल्लीच्या वरच्या टोकाला राहायची. तिचं वय तिलाही नक्की ठाऊक नव्हतं, पण कान शाबूत होते आणि जीभ त्याहून. ती दारातच बसून बदाम फोडत होती. मेर्सेने दोन वाक्यांत झालं ते सांगितलं. म्हातारीने गाल्द्रिकला नखशिखान्त न्याहाळलं.

"मासा खाऊन आब्दोंकडची प्यालास? आणि चॉकलेट खाऊन स्वतःची?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत हे तुम्हा दोघांपैकी एकाला सुचू नये? बस तिथे."

तो पायरीवर बसला.

"मी नवी सून होते तेव्हा पूर आला," म्हातारी सांगायला लागली. "डोंगरावरून पाणी गल्लीत घुसलं आणि माझं पिंप घेऊन गेलं. सासूने किल्ली देऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा बोटीवर होता, पंधरा दिवसांनी येणार. मी या पायरीवर बसून रडत होते. तर तुझी आजेसासू..."

"त्याची आजी," मेर्सेने दुरुस्त केलं.

"तेच ते. ती आली हातात वाइनचा जग घेऊन. आपल्या पिंपातली वाइन. मग दुसरी आली, मग तिसरी. कोणी रिकामं पिंप दिलं. नवरा यायच्या आत माझ्या कोपऱ्यात पिंप उभं, अर्ध्याच्या वर भरलेलं. नवरा आला, रोकफोर चीजचा तुकडा तोंडात टाकला, एक पेला प्याला, आणि म्हणाला, 'फिर फिर फिरावं, पण आपल्या घरच्या पिंपाची चव जगात कुठे नाही.'"

मेर्से पुन्हा हसायला लागली. ही गोष्ट तिने नक्कीच खूपदा ऐकलेली होती.

"पुढल्या वर्षी मी सगळ्यांचे जग परत करायला निघाले," म्हातारी म्हणाली. "तर त्या म्हणाल्या, परत कसले करतेस, आण इथेच ओत. डुक्कर मारायच्या दिवसाची ती मोठी तांब्याची कढई आहे ना माझी, तिच्यात. प्रत्येकीने आपली नवी बुधली आणली, आपल्या पिंपातली एक जग जुनी वाइन आणली, सगळं एकत्र केलं आणि हाताला येईल त्या बुधलीत तेवढंच परत नेलं. तेव्हापासून दर वर्षी. पुरुष डुकराच्या शिकारीला गेले की."

"म्हणजे सगळ्या गल्लीची वाइन एकच?"

"एकच."

"मग मी आणि आब्दों चाळीस वर्षं..."

"हो."

गाल्द्रिकने डोकं धरलं. "पण आम्हाला वेगळी लागायची. शपथेवर सांगतो, वेगळी लागायची."

"लागणारच," मेर्से म्हणाली. "मासा खाल्लास की तिचं एक तोंड दिसतं, चॉकलेट खाल्लंस की दुसरं. ओदिल बेकरीवालीकडे बदामाच्या बिस्किटांबरोबर घेतात, तिचा नवरा म्हणतो आमच्या पिंपात मध आहे."

"मग सांगितलं का नाही आम्हाला?"

म्हातारीने एक बदाम फोडला आणि गर त्याच्या हातावर ठेवला. "सांगितलं असतं तर रविवारी बोलला काय असता तुम्ही?"

त्याने बदाम खाल्ला.

"बरं झालं तू आलास ते," मेर्से जरा वेळाने म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "उन्हाळाभर आम्ही याच काळजीत आहोत. यंदा नेउसचा जग कसा आणायचा? ओदिल म्हणाली, त्याला सांगून टाकू. मी म्हणाले, किल्ली चोरू. मावशी म्हणाली..."

"मी म्हणाले, त्याचं पिंप सुकू देत नाही मी," म्हातारी म्हणाली. "शनिवारी ये. शिकारीला जाऊ नकोस, गुडघा दुखतो म्हण. आणि आब्दोंला बोललास तर या गल्लीत तुला पाणी मिळणार नाही."

शनिवारी गाल्द्रिकचा गुडघा दुखला. कुत्र्यांचं भुंकणं डोंगराकडे लांब गेलं तेव्हा तो बुधली खांद्यावर आणि जग हातात घेऊन वर चढला. मावशीच्या स्वयंपाकघरात कढई चुलीशेजारी जमिनीवर ठेवलेली होती. ओदिल त्याला बघून लाजली, जणू तो चुकून बायकांच्या न्हाणीघरात आला होता. एकेकीने बुधली ओतली. निळ्या दोरीची, चामड्याच्या वादीची. गाल्द्रिकनेही आपली ओतली. नव्या वाइनचं त्याला काही वाटलं नाही, ती दर वर्षी होते.

मग जुन्या वाइनचे जग आले. मेर्सेने ओतला, ओदिलने ओतला, म्हातारीचा मेर्सेने धरला. गाल्द्रिकने आपला उचलला, कढईवर धरला आणि तिथेच थांबला.

हातातल्या या जगमध्ये होती ती नेउसने घातलेली शेवटची भर. त्याला एकदम वाटलं की ही ओतली की गेली, इतरांच्यात मिसळली, पुन्हा निवडून काढता यायची नाही. घरी जावं, हा जग परत पिंपात टाकावा, आपलीच बुधली घालत राहावं, आणि जे उरलंय ते आपल्यापाशी ठेवावं. त्याने हे तसंच बोलून दाखवलं.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "माझ्याकडे तिचं एवढंच आहे."

चुलीवर म्हातारीचं मीटबॉलचं कालवण रटरटत होतं. मग मेर्से म्हणाली, "गाल्द्रिक, ती गेली त्या आठवड्यात मी रोज रात्री आमच्या पिंपातला घोटभर घ्यायचे. आब्दोंला वाटायचं मला खोकला झालाय. सगळ्यांत चांगली मैत्रीण होती माझी, आणि तिचा प्रत्येक वर्षीचा जग माझ्या घरात आहे. माझं पिंप तिच्याशिवाय काय आहे? नुसती आब्दोंची वाइन. ती कोण पिणार?"

ओदिल फस्सकन हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. गाल्द्रिकनेही नाक ओढलं. मग त्याने जग वाकडा केला. लाल-तपकिरी धार कढईत पडली, थोडा वेळ वेगळी दिसली, आणि म्हातारीने लाकडी डाव फिरवला तशी दिसेनाशी झाली. त्याला वाटलं होतं तितकं वाईट नाही वाटलं. उलट गेल्या आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली, आणि म्हातारीने ताट वाढलं तेव्हा तो नाही म्हणाला नाही.

घरी येऊन त्याने भर घातली आणि पिंपाला बूच लावलं. कोलोमाला फोन करून सांगितलं, झालं काम. कशी घातली, विचारल्यावर म्हणाला, तुझ्या आईसारखं, आणि तू आलीस की मेर्से तुला काय ते सांगेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. आब्दोंकडे टेबलावर चॉकलेटचा केक, अंजिरं, दोन पेले. आब्दों शिकारीतून हात हलवत परत आला होता, म्हणून त्याला जरा जास्तच बोलायचं होतं.

"गुडघा काय म्हणतो? म्हातारा झालास तू. घे, बारशाची घे. तुझ्या त्या कोळ्याच्या पाण्यापेक्षा औषधी आहे."

मेर्से त्यांच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. गाल्द्रिकने केकची बशी बाजूला सरकवली. अंजिरंही सरकवली. त्याने काहीही न खाता पेला उचलला आणि नुसती वाइन तोंडात घेतली, गिळायची घाई न करता.

मासा नव्हता, चॉकलेट नव्हतं, त्यामुळे तिने कुठलंच एक तोंड दाखवलं नाही. सगळं एकदम आलं, अक्रोड आणि चेरी, संत्र्याची साल आणि वारा, आणि नेउस. नेउस इथेही होती. समोरच्या घरात, या टेबलावर, दर दुसऱ्या रविवारी त्याने ज्याला नावं ठेवली त्या प्रत्येक पेल्यात ती होती, आणि तो तिला बारशाची वाइन म्हणत राहिला होता.

"काय रे?" आब्दों म्हणाला. "बोल की. दात किडले ना?"

"चांगली आहे," गाल्द्रिक म्हणाला. "तुझी वाइन फार चांगली आहे, आब्दों. माझ्यापेक्षा चांगली."

आब्दोंचा हात अंजिराकडे जाता जाता थांबला. आयुष्यभर ज्या वाक्याची तो वाट बघत होता ते कानावर पडलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"तुला बरं नाही का?" त्याने विचारलं. "मेर्से, हा बघ काय बोलतोय."

मेर्से वळली नाही. तिने नळ सोडला आणि धुतलेलीच बशी पुन्हा धुवायला घेतली.

गाल्द्रिकच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अंत्यविधीला आलं नव्हतं, कबरीवर आलं नव्हतं, ते आता आलं, आणि त्याने पुसलंही नाही. त्याने पेला पुढे केला, अजून दे म्हणून. आब्दोंने घाबरून काठोकाठ ओतली, थोडी टेबलावरही सांडली. मग तो आपली खुर्ची ओढून त्याच्या शेजारी येऊन बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "अरे, असं रडतात का इतक्याशा गोष्टीसाठी? तुझी पण काही वाईट नाहीये."